बिनचुलीची माडी

नाताळची सुट्टी जवळ आली की कचेरीतले एक-दोघं माझ्या मेजाशी येऊन उभे राहतात. बायकोमुलांना घेऊन बाहेरगावी जायचं असतं आणि उतरायची जागा कशी निवडावी ते विचारायचं असतं. मी हिशेबनीस, म्हणून माझ्याकडे भाड्याचे दर तयार असतील असं त्यांना वाटतं. मी सांगतो, भाडं मागाहून विचारा, विहीर किती लांब तेही मागाहून पाहा, आधी चूल कुठे आहे ते पाहा. ते हसतात. मग मी त्यांना आमची रामटेकची हकीकत सांगतो.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या पत्नीला हिवताप झाला. दिवसाआड थंडी भरायची, दोन गोधड्या आणि एक घोंगडी घातली तरी खाटेचे पाय वाजायचे. पोस्टात मिळणाऱ्या क्विनाइनच्या पुड्या आणल्या, दवाखान्यातलं औषध झालं, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता विश्रांतीचं सुरू. अंगात रक्त राहिलेलं नाही. हवापालट करा आणि तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देऊ नका.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी विश्रांती मिळणं शक्य नव्हतं. तशी आम्ही तिघंच माणसं, मी, पत्नी आणि माझी आई. मुलगी सासरी नांदत होती, मुलगा अमरावतीला शिकत होता. पण खेड्यावरच्या सगळ्या नात्यागोत्याला कोर्टाच्या तारखा नागपुरातच, आणि तारखेला आलेला माणूस जेवायला आमच्याकडेच. म्हणून मी पत्नीला कामठीला माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचवलं. बहीण मायाळू, घर ऐसपैस, भांडी घासायला बाई. खर्च काही नाही आणि अंतरही थोडं. हिशेब अगदी चोख होता.

परत आणायला गेलो तेव्हा पत्नीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बहीण मला बाजूला घेऊन रडायच्या बेतात आली. तिने वहिनीला एक काम सांगितलं नव्हतं, उलट हात जोडले होते. पण वहिनी बसायलाच तयार नव्हती. डाळ निवड, कणीक मळ, निखारे मागे ओढ, काही ना काही चालूच. नागपूरला आल्यावर आठ दिवसांतच ताप उलटला.

या खेपेला डॉक्टर जाताना अंगणात थांबले. आणखी एकदा ताप उलटला तर माझ्या हातात काही राहणार नाही, एवढंच बोलले आणि टांग्यात बसले.

ताप उतरल्यावर मी पत्नीला विचारलं. रागातच विचारलं. "काहून उठत होती तू? तुले कोणी उठ म्हटलं होतं का?"

ती भिंतीकडे पाहत होती. "चूल पेटलेली दिसली, अन् तिच्यापुढं दुसरी बाई बसलेली दिसली, की मले पाठ टेकवतच नाही. तुम्ही कितीही सांगा."

मला वाटलं, अशक्तपणात माणूस काहीतरी बोलतं.

नाताळात कचेरी बंद राहणार होती. पुढे जोडून घ्यायला माझी हक्काची रजाही शिल्लक होती. रामटेक ठरवलं. आगगाडीने जाता येतं, थंडीत तिथली हवा कोरडी, गावाला तळी, वर गड. आईने देवदर्शन होईल म्हणून लगेच होकार दिला. शिवाय तिथे माझा चुलतभाऊ राहत होता. त्याचा पानमळा होता आणि घर माणसांनी भरलेलं होतं. आपण दादाच्या घरीच उतरणार, यात आईला शंका नव्हती. मी मनात मांडून पाहिलं. त्यांची नऊ माणसं, आमची तीन. दोन वेळचं जेवण, माणशी अडीच भाकरी धरल्या तरी साठ. त्यातल्या पंधरा तरी माझ्या पत्नीच्या हातून तव्यावर पडल्याशिवाय राहणार नव्हत्या. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, कोणी सांगितलं नाही तरी.

म्हणून एका रविवारी कोणाला न सांगता मी एकटाच रामटेकला जाऊन आलो.

आधी धर्मशाळा पाहिली. स्वच्छ होती आणि फुकट होती. पण प्रत्येक खोलीच्या दारात तीन दगडांची चूल, आणि प्रत्येक चुलीपुढे कोणीतरी बाई डोळे पुशीत फुंकणीने फुंकत बसलेली. मग एका उपाध्यायांचं घर पाहिलं. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, परसात विहीर, भाडं रास्त. स्वयंपाकघर तर असं की आमच्या घरीही नव्हतं. नुकतीच सारवलेली चूल, शेजारी वैल, वर धुराला वाट. उपाध्याय अभिमानाने म्हणाले, बाईंना स्वयंपाकाला काही म्हणजे काही अडचण पडणार नाही.

इसार द्यायला मी खिशात हात घातला होता. नजर त्या चुलीकडे गेली आणि पत्नीचं बोलणं आठवलं. ते अशक्तपणातलं बोलणं नव्हतं. ती मला नेमकं कारण सांगत होती आणि मी ते सोडून बाकी सगळ्या गोष्टींची बेरीज करत बसलो होतो. मी हात बाहेर काढला, उपाध्यायांना नमस्कार केला आणि निघालो.

बाजारात चौकशी करता एका कापसाच्या व्यापाऱ्याची माडी रिकामी असल्याचं कळलं. खाली वखार, बाहेरच्या बाजूने लाकडी जिना, वर एक लांब खोली आणि पुढे सज्जा. सज्जातून गड समोर दिसत होता. व्यापारी प्रामाणिक माणूस. जिना चढतानाच त्याने सांगून टाकलं, "जागा पाहून घ्या, पण तुम्हाले चालणार नाही. खाली कापूस भरला आहे. वर चूल पेटवता येत नाही."

"शेगडी?"

"शेगडीही नाही अन् चिलीमही नाही. कंदील तेवढा खिळ्याला टांगायचा. म्हणून तर कोणी राहत नाही." आणि मी गप्प उभा राहिलेला पाहून तो भाडं उतरवायला लागला.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, भाडं आहे तेच राहू द्या, पण ही अट माझ्या घरच्यांनी कितीही विनवलं तरी मोडायची नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. अंघोळीचं पाणी खालच्या अंगणात त्याच्या घरच्या बंबावर तापणार होतं. जेवणाचं राहिलं होतं. बाजारामागे एका बाईंची खानावळ होती, शाळेचे मास्तर आणि यात्रेकरू तिथे जेवत. मी त्या दुपारी तिथे जेवून पाहिलं. वरण पातळ नव्हतं, भाकर कच्ची नव्हती, आणि बाईंनी हात धुऊन वाढलं. मी तिघांचे डबे ठरवून आलो.

आईपुढे ही गोष्ट काढली तेव्हा खरी अडचण कळली. आई परक्याच्या हातचं जेवत नव्हती, हे माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. पण जेवणापेक्षा तिला अब्रूची काळजी जास्त होती.

"भावाचं घर असून भाड्याच्या जागेत उतरतो?" ती म्हणाली. "दादा काय म्हणेल? त्याची बायको तर जन्मभर ऐकवेल. अन् मी खानावळीतलं जेवू?"

"तू नको जेवू. तू दादाकडे उतर. त्याची काकू त्याच्या घरी राहिली की त्याचा मान राहिला. आम्ही दोघं माडीवर."

आई उठून पत्नीच्या खाटेशी गेली, तिच्या मनगटावरची बांगडी वरपर्यंत सरकवून पाहिली आणि तिथूनच मला म्हणाली, "माझं लुगडं वेगळ्या पेटीत भर मग."

रामटेकच्या स्टेशनावर दादा बैलांची दमणी घेऊन आला होता, सोबत त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, होती. आईची पेटी दमणीत गेली. आमची वळकटी मी दुसऱ्या गाडीत ठेवायला सांगितली तेव्हा वहिनीने पदर सावरला.

"भाऊजी, आमच्या घरात काय काटे पसरले आहेत का?"

"नाही वहिनी, भाकरी पसरल्या आहेत."

तिला ते समजलं नाही, आणि फलाटावर समजावून सांगण्यासारखंही नव्हतं. ती दमणीत तोंड फिरवून बसली. दादा मान हलवत होता. माझी पत्नी तर शरमेने खाली पाहत होती. माडीचा जिना चढताना ती मध्ये एका पायरीवर बसली आणि मला वाटलं, आपण जे मांडलं आहे त्यात चूक निघाली तर सांभाळून घ्यायला आता डॉक्टरही उरले नाहीत.

पहिल्या सकाळी ती अंधारातच उठली. मी पांघरुणातून पाहत होतो. तिने केस बांधले, पदर खोचला आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन आली. पेटवायला काही नव्हतं. सारवायला नव्हतं, निवडायला नव्हतं. ती सज्जात जाऊन उभी राहिली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी पदर सोडला आणि आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तिने कोपरे धुंडाळले नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगणात बंबाचा धूर दिसू लागला तरी ती झोपलेलीच होती. लग्न झाल्यापासून उन्हं वर येईतो झोपलेली मी तिला आजारपणाशिवाय पाहिली नव्हती.

दोन वेळचा डबा मी स्वतः आणत होतो. पितळी डबा हातात धरून बाजारातून जाणारा नागपूरचा हिशेबनीस रामटेकला लवकरच माहीत झाला. दादा पानाच्या दुकानाशी दिसला की मुद्दाम मोठ्याने विचारायचा, काय गा, आज सरकारने कोणती भाजी मंजूर केली? मी झाकण न उघडता पुढे जायचो. उघडायचा मान माडीवरच्या माणसाचा होता. कधी हरभऱ्याची कोवळी भाजी निघायची, कधी वालाच्या शेंगा, कधी पाटवडी. पत्नी झाकण काढायच्या आधी डब्याचा वास घेऊन ओळखू पाहायची. सुरुवातीला ती ओळखायची आणि दोन घास खाऊन ठेवायची. मी तिला आग्रह केला नाही.

मग वहिनी आली. अशी कोणती मोठी जागा आहे ते पाहायलाच आली होती, हातात लोणच्याची बरणी होती आणि चेहऱ्यावर राग. खोली पाहिली, सज्जा पाहिला, चूल नाही हे पाहिलं. मी लोणचं घेऊन बाजूला झालो. दोघी जावा भिंतीला टेकून बसल्या. जरा वेळाने वहिनीचा आवाज ऐकू आला.

"मग तू इथं दिवसभर करून काय राहिली वं?"

"काही नाही."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, जाऊबाई. आधी लाज वाटली. आता नाही वाटत."

बरंच बोलणं झालं असेल म्हणून मी सज्जातून आत डोकावलो, तर वहिनी हाताची उशी करून गाढ झोपली होती आणि माझी पत्नी तिच्यावर शाल घालत होती.

त्यानंतर वहिनी दुपारची जेवणं आटोपली की यायला लागली. पुढे आईलाही घेऊन यायची. लोकांना सांगताना आई देवळाला निघाले म्हणायची आणि माडीवर येऊन सज्जातल्या उन्हात पाय पसरून बसायची. दादाने एकदा खालून हाक मारली की पाहुणे आले आहेत, चहा टाकायचा आहे. वहिनी वरूनच म्हणाली, "इथं चूल नाही." ती हे अशा थाटात म्हणाली की खाली वखारीत बसलेला व्यापारी हसला. दादा स्वतःच घरी गेला. चहा कोणी केला ते कळलं नाही, पण पाहुण्यांना तो मिळाला.

ताप उलटायचे दिवस आले तसे गेले. मी रात्री तिच्या कपाळाला हात लावून पाहायचो आणि ती झोपेतच तो बाजूला सारायची. बांगड्या हळूहळू मनगटाशी थांबू लागल्या.

रजेच्या शेवटी शेवटी ती म्हणाली, गडावर जाऊ या. मी डोली ठरवतो म्हटलं. तिने नको म्हटलं. आई आणि वहिनी दोघीही निघाल्या. मी पुढे जाऊन विसाव्याच्या जागा हेरून ठेवल्या होत्या, वरचेवर बसायचं असं ठरवलं होतं. पहिल्या जागी आई बसली. दुसऱ्या जागी वहिनी बसली आणि मीही बसलो. पत्नी थांबली नाही. माकडं बाजूला होत होती आणि ती पदर कमरेला खोचून, एकेक पायरी सावकाश, पण न थांबता चढत होती. ज्या बाईला माडीचा जिना मध्ये बसल्याशिवाय चढता आला नव्हता ती गडाच्या दरवाजातून खाली वळून आमची वाट पाहत होती.

देवदर्शन झालं. तटाशी उभं राहिलो. खाली तलाव चमकत होता, त्याच्या पलीकडे पानमळ्यांचे हिरवे चौकोन, आणि गावात आमच्या माडीचं छप्पर. वहिनीने ते बोटाने दाखवलं, जणू ते तिचंच घर होतं.

"चला आता," पत्नी म्हणाली. "मले भूक लागली."

कित्येक महिन्यांत मी हे तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि मग देवळाच्या कळसाकडे पाहून हात जोडले.

उतरताना पत्नी माझ्या बरोबरीने चालत होती, मग एक पाऊल पुढे गेली. मागे वळून तिने विचारलं, "आज डब्यात काय असेल हो?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात काय शिजणार हे तिला नेहमी आदल्या रात्रीच ठाऊक असायचं. मला खानावळीच्या बाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज गोळाभात आहे. मी ते तिला सांगितलं नाही. म्हटलं, मला काय माहीत, घरी जाऊन झाकण काढून पाहा.

ती भराभर पायऱ्या उतरू लागली.