सोडलेला मान

भिवपुरीच्या पलीकडच्या वाडीत जयवंताबाईंसारखी पोथी कुणाला येत नाही. बाई सातवी शिकलेल्या, पण श्रावणात देवळात बसून अर्थ असा सांगायच्या, की निवडायला आणलेली भाजी बायकांच्या मांडीवर तशीच राहायची.

घोटाळा त्या पोथीनेच केला.

चैत्रात देवीची पालखी निघते, तेव्हा पहिला नारळ जयवंताबाईंच्या घरचा. हा मान त्यांच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासूनचा. वाडीतल्याच धाऊच्या घरचे त्यावरून कुरकुरत, "एकाच घराला किती वर्सं?" गेल्या श्रावणात बाईंच्या वाचनात आलं, की आपला मान सोडून जो मागे सरतो, देव त्याच्या दारी येतो. अर्थ सांगता सांगता त्यांनाच लाज वाटली. गावकीच्या बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा नारळ आमी सोडला. उगा भांडान नको."

भांडण तिथेच पेटलं. धाऊ म्हणाला, मान आता आमचा. कोंडाजी उसळला, "तुजा कसा रं? जयवंताबायच्या शेजारचं घर माजं हाय!" आठ महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद. कोंडाजीने मुलीच्या हळदीला धाऊला बोलावलं नाही. धाऊने आपल्या शेतातून गेलेली कोंडाजीची पाइपलाइन उखडून फेकली.

पालखीच्या आदल्या दिवशी बाईंनी पुन्हा पोथी काढली. चार अध्याय पुढे लिहिलेलं, की ज्याच्या हातून तंटा मिटू शकतो तो बसून राहिला, तर त्याची भक्ती फुकट.

"घ्या!" बाईंनी पोथी पाटावर आपटली, मग घाबरून कपाळाला लावली. "तिकडं म्हनतंय मागं सर, हिकडं म्हनतंय पुडं हो. मी एकटी बाय, किती बाजूला पळू?"

सून सुप्रिया भाकरी थापत होती. "आई, मान परत घ्या. मंग त्यांना भांडायला काय उरतंय?"

"आन लोक काय म्हनतील? सोडायचं नाटक केलं?"

"ते म्हनतीलच."

"तुला लय सोपं वाटतंय गं!"

दुसऱ्या दिवशी पालखी देवळासमोर अडली. ऊन डोक्यावर, भोई घामाघूम, आणि पुढे धाऊ न् कोंडाजी आपापला नारळ घेऊन उभे. धाऊने कोंडाजीची कॉलर धरली, तशा जयवंताबाई गर्दी सारत मध्ये शिरल्या.

"राजेश, नारळ आन. आपला."

मुलगा गोंधळला. "आई, तूच सोडलास ना?"

"सोडला व्हता. आता घेतला. फोड!"

राजेशने खाली बघतच नारळ फोडला. जुन्या मानाला कुणाला नाही म्हणता येईना. पालखी हलली.

"पोथी वाचती आन मान बी पायजे हिला!" कोंडाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

"अरं, ढोंग सगळं!" धाऊ म्हणाला. "मला तवाच ठावं व्हतं."

आठ महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले. दहा पावलांवर धाऊने कोंडाजीपुढे तंबाखूची पुडीही धरली.

सुप्रिया सासूजवळ सरकली. "आई, मनावर घेऊ नका."

"घेतलंय," जयवंताबाई म्हणाल्या. "चांगलंच घेतलंय मनावर." आणि पालखीमागे न जाता तरातरा घराकडे निघाल्या.