ठासणीची बंदूक आणि माझे ससे

शारजातल्या दुकानाला सुट्टी असली की मी दुनळी घेऊन डोंगराकडे सशांच्या शिकारीला जायचो आणि एक म्हातारा अरब नेमका भेटायचा. खांद्यावर ठासणीची बंदूक. ससा समोर बसलेला असला तरी हा बिस्मिल्ला म्हणून सावकाश दारू ओतणार, चिंधी कोंबणार, गजानं ठासणार आणि मधेच गलबतावर शिकलेल्या हिंदीत मला घरची खुशाली विचारणार. ससा काय याच्यासाठी थांबतो?

एकदा त्याची बंदूक चक्क वेळेत भरून झाली. झुडपाशी दोन ससे होते. मी नेम धरला आणि यानं आभाळात बार उडवला. ससे पसार.

"चाचा, हे काय केलंत?"

त्यानं पलीकडचा तंबू दाखवला. "कॉफी प्यायला जाऊ. भरली बंदूक घेऊन कुणाच्या दारात जात नाहीत."

मी चिडून काडतुसं काढून त्याच्यासमोर धरली. "ही बघा, माझीही रिकामी. त्याला आवाज कशाला हवा?"

"मला दिसलं. तंबूतल्या बायकापोरांना कसं कळणार?"

मी काडतुसं परत घातली आणि दोन्ही बार आभाळात उडवले. तेव्हा कुठे तंबूचा पडदा वर झाला.