बोंडांची सरासरी

आज कापसाची गाडी दारावरून गेली आणि सरकीच्या तेलकट वासानं मला थेट भातकुलीच्या मिडल स्कुलात नेऊन उभं केलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, मी नवा मास्तर होतो आणि डिप्टीसाहेब तपासणीला यायचे होते. त्यांना सरासरी प्रत्यक्ष दाखवावी म्हणून मी पोरांना घरच्या शेतातल्या दहा-दहा झाडांची बोंडं मोजून आणायला सांगितलं.

साहेबांसमोर फळ्यावर सरासरी निघाली, झाडाला चार बोंडं! खिडकीबाहेर तर कापसाची पऱ्हाटी बोंडांनी वाकली होती. साहेबांनी चष्मा काढला.

"काहून रे गणपत, नीट मोजले ना?" मी पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं.

"मोजले ना, गुर्जी. पण खरा आकडा सांगतला तं पिकाले नजर लागते. बाबा म्हने, निम्मेच सांग."

"मग दुप्पट करू?"

"नाही जी," मागून सखू ओरडली, "माह्या बाबानं पावच सांगाले लावले!"

या अडाणीपणाचा मला भयंकर राग आला. निघताना साहेबांनी विचारलं, "वर्गात हुशार मुलं किती?"

मी त्या चाळीस तरतरीत चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पटकन बोलून गेलो, "असतील दोन-चार."