पंचवटी दाखवणारे मामा

“आधी पाणी बघू, मग देव.”

पाहुणे पंचवटीत उतरले की मामांचं हे पहिलं वाक्य. पाहुणे वैतागायचे. काळाराम, सीतागुंफा, तपोवन, पांडवलेणी असं सगळं एका दिवसात उरकून त्यांना संध्याकाळची एसटी गाठायची असायची, आणि हा छत्रीवाला माणूस त्यांना सरळ दुतोंड्या मारुतीसमोर नेऊन उभं करायचा. नदीपात्रातल्या त्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते स्वतः बघायचा, त्यांनाही बघायला लावायचा, मगच पुढचं पाऊल.

सत्तर-ऐंशीच्या दशकात सीतागुंफेजवळच्या गल्लीत माझी खाणावळ होती. मागच्या दोन खोल्या मी यात्रेकरूंना द्यायचे. मामा गाईड, म्हणून गिऱ्हाईक आणायचे, आणि मी त्यांना चहा द्यायचे, वर चार शब्द ऐकवायचे. “मामा, लोक देव बघायला येतात हो, तुमची गंगा नाही.” गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

“देव जागेवर असतो, वहिनी. ती नसते,” म्हणायचे, आणि बशीत चहा ओतायचे.

त्यांची ठरलेली पद्धत होती. पाणी मारुतीच्या पायाशी असेल तर रामकुंडासकट सगळं फिरवायचे. गुडघ्याला लागलं की फक्त उंचावरची देवळं. कमरेला लागलं की पाहुण्यांना परत स्टँडवर. कोणी कितीही हुज्जत घालो. आणि मंडळी, माणूस काही घुम्या नव्हता बरं का. सीतागुंफेत बसून-सरकून जावं लागतं; तिथं एक ढेरपोटे शेठ अडकले, तेव्हा बायको मागून ढकलतेय आणि मामा पुढून ओढत म्हणताहेत, “शेठ, श्वास सोडा, बाकीचं रामावर सोडा!” हसून हसून आमचं पोट दुखलं होतं.

पण नारोशंकराच्या देवळापाशी आले की त्यांचा आवाज खाली यायचा. वरची घंटा दाखवून सांगायचे, “पाणी तिथवर पोचलं की गाव गेलं.” असं सांगताना ते घंटेकडे बघायचेच नाहीत, नदीकडे बघायचे. मला ते कधी आवडलं नाही. मी एकदा म्हटलंही, “मारुती आहे ना सांगायला, मग कशाला एवढी धास्ती?” तर म्हणाले, “मारुती आलेलं पाणी दाखवतो हो. येणारं नाही दाखवत.”

ऐंशीच्या आसपासचा एक श्रावण. त्र्यंबकाकडे पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गंगा तांबडी झाली होती आणि तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. अशात सटाण्याकडचा एक म्हातारा मामांसोबत दारात आला. हातात फडक्यात बांधलेलं मडकं. तरण्या मुलाच्या अस्थी होत्या त्यात. रामकुंडात सोडायला आला होता, आणि पाणी मारुतीच्या गुडघ्याच्या वर.

“आज नाही. उतरलं की मीच नेतो,” मामांनी सांगितलं.

आता अस्थी घरात आणायच्या नसतात, आणि नदीला म्हणून आणलेल्या परत गावी न्यायच्या नसतात. आमच्याकडे अशी मडकी अंगणातल्या निंबाला बांधायची रीत. म्हाताऱ्याने मडकं बांधलं, पण खोलीत काही येईना. निंबाखालीच बसला, पावसात. मी जेवायला बोलावलं तर मडक्याकडे बोट करून म्हणाला, “हाऊ मना पोऱ्या शे, ताई. याला एकटा कसा सोडू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले तेव्हा तो तिथंच होता. ओठ निळे पडलेले, अंग तापलेलं. मडक्याला डोक्यावरचं पागोटं गुंडाळून ठेवलेलं. मामांनी आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली. अहो, मी त्या माणसाला बड्या साहेबांसमोरही नमताना पाहिलं नव्हतं.

“पाणी कालच्याएवढंच आहे. वाढलं नाही,” ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग म्हाताऱ्याला उठवलं. “चला बाबा. मी हात धरतो.”

“मामा, नका हो जाऊ,” मी म्हटलं.

“चहा ठेवा, वहिनी. आलोच.”

म्हातारा एकटा आला. लोकांनी उचलून आणला. अस्थी सोडून दोघे वळले आणि वरच्या अंगानं लोंढा आला. मामांनी त्याला मागून पायरीवर ढकललं. त्याने वळून पाहिलं तेव्हा मागे नुसतं पाणी होतं. दुपारी मारुती खांद्यापर्यंत बुडाला.

मामा सापडले नाहीत. पार सायखेड्यापर्यंत माणसं काठाकाठानं बघून आली. गल्लीतल्या बायका मामींना कुंकू पुसायला सांगत राहिल्या. “मला दाखवा आधी,” मामी म्हणायच्या, “मग पुसते.” रोज ठसठशीत कुंकू लावून त्या नळावर यायच्या. मला त्या कपाळाकडे बघवायचं नाही.

दिवाळीनंतर तो म्हातारा परत आला. मी त्याला मामींकडे घेऊन गेले. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“मीच नेलं त्यांना,” म्हणाला आणि रडायला लागला.

“त्यांना कोण नेणार?” मामी म्हणाल्या. “जन्मभर तेच सगळ्यांना न्यायचे. आत या.”

त्यांनी त्याला वाढलं. भाकरी, पिठलं. तो खाली मान घालून जेवला. मामी समोर बसून होत्या. मग एकाएकी त्यांनी विचारलं, “काळाराम बघितलात का?”

म्हाताऱ्याने मान हलवली. रामकुंडापलीकडे त्याने पंचवटीत काहीच पाहिलं नव्हतं.

“अगंबाई, आमच्या पाहुण्यानं काळाराम न बघता जायचं?” मामी उठल्या, डोक्यावरून पदर घेतला, चपला घातल्या. गंगेवरचा रस्ता सोडून मागच्या बोळातून त्या निघाल्या. म्हातारा त्यांच्या मागे. बोळाच्या तोंडाशी त्या थांबल्या, त्याला येऊ दिलं, आणि हात वर करून देवळाचा कळस दाखवला.