प्लँट वेगळा ठेवा

राजुरीच्या चिलिंग सेंटरवर मी बारा वर्षं दुधाची फॅट तपासते. सकाळ-संध्याकाळ गवळी कॅन घेऊन येतात. मी प्रत्येकाच्या दुधाचं सँपल घेते, मशीनला लावते आणि आकडा सांगते. आकडा कमी आला की माणूस माझ्या तोंडाकडं असा बघतो, जसं काही पाणी मीच घातलंय. पण भांडण कुणी करत नाही. या बाईचा आकडा चुकत नाही, एवढं नाव मी गावात कमावलेलं आहे.

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली, तेव्हा घरी बसून काय करायचं म्हणून मीच सेंटरच्या साहेबांकडे शब्द टाकला आणि तिला तिथंच कॅन धुवायला लावलं. ती बारावी सायन्स झालेली, मी दहावी. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही. ती कॅन धुवायची आणि मी मशीनपाशी उभी असायची. सगळं जागच्या जागी होतं.

पुढं कंपनीने आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या अलीकडे हायवेला लागून मोठा प्लँट काढला. आमचं राजुरीचं, ओतूरचं आणि येडगावचं, अशा तिन्ही सेंटरचं दूध टँकरने तिकडं जायला लागलं. आणि एक दिवस माझ्या नावाचं पत्र आलं. तुमची बदली प्लँटच्या लॅबमध्ये केली आहे, अमुक तारखेला हजर व्हावं.

ते पत्र मी घरी दाखवलं नाही. आधी बघून तरी येऊ म्हणून टँकरमध्ये बसून प्लँटवर गेले. काचेची खोली होती. पांढरे कोट घातलेल्या विशी-बाविशीतल्या मुली कॉम्प्युटरवर आकडे भरत होत्या. तिथल्या मॅडमनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, तुमचं नाव टाइप करा बरं. मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर शोधत बसले. ते सापडलं, पण दुसरं सापडेना. मागं कोणीतरी हसलं. माझ्यावरच हसलं असेल असं नाही, पण मला तसं वाटलं.

परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं की पहाटे उसाच्या कडेनं फाट्यापर्यंत जायचं, बिबट्या फिरतोय, मला जमायचं नाही. आमच्याकडे बिबट्याचं नाव घेतलं की पुढं कोणी विचारत नाही. साहेब म्हणाले, मग कुणाला पाठवू? मी माझ्या जावेचं नाव सांगितलं. मोठ्या मनाने सांगितलं असं लोकांना वाटावं, पण मनात हिशेब वेगळा होता. तीही आठ दिवसांत रडत परत येईल, अशी माझी खात्री होती.

घरी मात्र मी एवढंच बोलले, "शिकलेल्यांना घेत्यात. आमाला कोण इचारतंय?" सासूबाईंनी ते खरं मानलं, नवऱ्याने मानलं आणि जावेनेही मानलं. ते साहेब सहा महिन्यांत नोकरी सोडून गेले. मग खरं सांगणारं कोणी उरलंच नाही.

जाऊ आठ दिवसांत परत आली नाही. कंपनीने तिच्याकडून सेंटरचा राजीनामा लिहून घेतला, प्लँटवर नवी नेमणूक म्हणून घेतलं, आणि ती तिथं रुजली. फाट्यावर तिच्यासाठी कंपनीची बस यायला लागली. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. ते ती गिरणीत दळण टाकायला जातानाही काढायची विसरायची. विसरायची की मुद्दाम ठेवायची, यावर मी किती विचार केला असेल. माझ्या लुगड्याला आंबट दुधाचा वास, तो कितीही धुतला तरी जात नाही. ती घरी यायची ती साबणाच्या वासाची. आठवड्याला तिला एक सुट्टी असायची. म्हशी-गाईंना सुट्टी नसते म्हणून आम्हाला सेंटरवर सुट्टी कधीच नव्हती. सासूबाई औषधाची पट्टी वाचायला पूर्वी माझ्याकडे द्यायच्या, त्या आता तिची वाट बघायच्या. सासऱ्यांनी पूर्वीच्या मेंढपाळीची आठवण म्हणून वीस-बावीस मेंढरं ठेवलीत. त्यातलं एक आजारी पडलं, तर तेही तिला विचारायला लागले. प्लँटवर जनावरांचे डॉक्टर येतात म्हणे, तिला माहीत असणार.

ती कधी म्हणाली, "ताई, कँटीनचे पोहे लई गार असत्यात," तर मला वाटायचं, कँटीन आहे हे सांगायची ही रीत.

अशी सहा वर्षं गेली. मग युनियन आली.

सुरुवात ओतूरच्या सेंटरवरून झाली. तिथं कॉम्प्रेसर सांभाळणारे एक वयस्कर भाऊ होते, त्यांनी एकेकाला भेटून माणसं जोडली. राजुरीत मी त्यांच्यासोबत फिरले. लोक मला ओळखत होते, त्यामुळं सगळ्यांच्या सह्या झाल्या. पण पुण्याहून आलेल्या वकिलांनी पहिल्याच भेटीत पेच सांगितला. कायद्याने मान्यता मिळवायची तर एका आस्थापनेत निदान पन्नास कामगार लागतात, आणि आमच्या एकेका सेंटरवर वीस माणसं होती. म्हणजे आधी हे ठरवायचं होतं की कोणकोणती ठिकाणं मिळून एक धरायची. तीन सेंटर मिळून साठ व्हायचे. प्लँट धरला तर अडीचशेच्या वर.

यावर ओतूरला एसटी स्टँडामागच्या एका हॉलमध्ये सभा घेतली. सकाळचं दूध आटोपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत, भर दुपारी. प्लँटवरूनही पाच-सहा जण आले होते आणि त्यांच्या वतीने बोलायला उभी राहिली ती माझी जाऊ. घरात खाली मान घालून भाकरी थापणारी बाई तिथं कागद न बघता बोलत होती. तिन्ही सेंटरची नावं, कुठून किती वाजता टँकर निघतो, प्लँटवर तो उशिरा आला तर कोणाचा पगार कापतात, सगळं तिला पाठ होतं. आमच्या सेंटरची माणसं तोंडं उघडी ठेवून ऐकत होती. ज्यांच्या सह्या मी दारोदार फिरून घेतल्या तीच माणसं.

मी उठले आणि म्हणाले, प्लँट वेगळा ठेवा.

कारणं माझ्याकडे होती आणि ती खोटी नव्हती. आपलं काम दोन वेळचं, त्यांचं पाळीचं. त्यांना सुट्टी आहे, कँटीन आहे, बस आहे, आपल्याला बसायला स्टूल नाही. ते जास्त आणि आपण कमी, एकदा एकत्र झालो की मागण्या त्यांच्याच पुढं जाणार आणि आपण कॅन धूत बसणार. राजुरीची आणि येडगावची माणसं माना डोलवायला लागली. मला बरं वाटत होतं. जावेकडं मी बघत नव्हते, पण तिचा चेहरा उतरला असेल हे मला न बघता कळत होतं.

वकील म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं समजतं. पण कोर्ट विचारेल, की तीन सेंटर एक आणि चौथा प्लँट वेगळा, हे कशावरून? कंपनी तर म्हणतेय की चारही वेगळे. एका मालकाचे चार धंदे आहेत की एकाच धंद्याची चार ठिकाणं, एवढाच प्रश्न आहे. माणसं इकडून तिकडं बदलून पाठवतात का? तसा कागद कुणाकडं आहे का?"

कुणाकडं नव्हता. कंपनी माणसं फोनवर हलवायची नाहीतर राजीनामा घेऊन नव्यानं नेमायची, जावेला नेमलं तसं. मी खाली बसले. कागद माझ्या ट्रंकेत होता. तो काढला की प्लँट आमच्यात येणार होता, आणि प्लँट आला की ती येणार होती. मी गप्प राहायचं ठरवलं, आणि त्यात मला काही जड गेलं नाही.

मग जाऊ पुन्हा उभी राहिली.

"ताईंना प्लँटवाल्यांचा राग येतो, ते बरोबरच हाय," ती म्हणाली. "लॅबची जागा त्यांची व्हती. काम त्यांना येत व्हतं, मला नव्हतं येत. कंपनीनं त्यांना डावलून मला घेतलं आन् मी नाय म्हणाले न्हाई. म्हणून मी कसलंच पद घेणार नाय. राजुरीकडनं ताईंनाच पुढं करा. पण मान्यतेचा अर्ज चारी ठिकाणांचा एकच करा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या नजरेत कीव होती. बिचारीवर अन्याय झाला आणि धाकटी बघा किती समजूतदार, अशी ती कीव. त्या क्षणी माझं जे झालं त्याला पश्चात्ताप म्हणायचा मोह मला अनेकदा झाला आहे, पण तो पश्चात्ताप नव्हता. कोट तिचा, बस तिची, बोलणं तिचं, आणि आता मोठेपणाही तिचाच. तेवढं तरी तिला मिळू द्यायचं नाही, या एकाच जिद्दीने माझं तोंड उघडलं.

"मला कुणी डावललं न्हाई," मी म्हणाले. "पत्र माझ्याच नावानं आलं व्हतं. मीच गेले नाय. कॉम्प्युटरला भ्याले."

मग वकिलांनी हळूच विचारलं, ते पत्र आहे का? मी म्हणाले, आहे.

अर्ज एकच करायचा, असं त्याच दुपारी ठरलं. माझ्या बाजूने माना डोलवणाऱ्यांनीही हात वर केले.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो, कारण दुसरीकडं जागा नव्हती. आळेफाट्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. फाटा ओलांडल्यावर म्हणाली, "सहा वर्षं मी तुमच्या आधी कधी ताटावर बसले नाय. दिवाळीला लुगडं पैलं तुमाला निवडू दिलं. तुमी टाकून बोललात तरी मी उलटून बोलले नाय. मला वाटायचं, मी तुमचं खाल्लंय."

तिने हे सगळं केलं होतं, ते मी बघितलंही होतं, आणि शिकलेली म्हणून चांगुलपणाचं सोंग करते असं मनात धरलं होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." तिने ऐकलं की नाही कळलं नाही. घरी गेल्यावर तिने हातपाय धुतले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून जेवली. सासूबाई बघत राहिल्या.

पुढं तपासणीला कोर्टाचे अधिकारी आले. त्यांनी चारही ठिकाणी जाऊन माणसांना विचारलं, टँकरच्या नोंदी बघितल्या, पगाराच्या कागदांवर एकाच माणसाची सही आहे हे बघितलं. माझं पत्र त्यांनी दोन वेळा वाचलं आणि मला विचारलं, तुम्ही का गेला नाहीत? कंपनीचे वकील शेजारी बसलेले. मी तेच उत्तर दिलं जे हॉलमध्ये दिलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं. त्यांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी सही केली.

निकालाला बरेच महिने लागले. चारही ठिकाणं मिळून एक आस्थापना धरली गेली आणि युनियनला मान्यता मिळाली. एकट्या पत्रामुळं ते झालं असं वकील म्हणाले नाहीत. बऱ्याच गोष्टींतली ती एक, असं म्हणाले. मला वाईट वाटलं, तेही सांगते. एवढी अब्रू घालवली तर निदान सगळं श्रेय तरी त्या कागदाला मिळावं, असं वाटत होतं.

पद घेणार नाही म्हणालेली जाऊ सेक्रेटरी झाली. तिला आग्रह करावा लागला नाही. आता मला कसली भरपाई द्यायची तिला गरज नव्हती. मी कमिटीत राजुरीची सभासद. कंपनीशी पहिलं बोलणं झालं तेव्हा सेंटरच्या सुट्टीचा विषय कंपनीने उडवून लावला. त्यावर प्लँटच्या लोकांनी, ज्यांना सुट्टी आधीपासून होती, सांगितलं की हा विषय झाल्याशिवाय आमच्या विषयावर आम्ही येत नाही. मी त्यांच्याबद्दल सभेत काय काय बोलले होते, ते ऐकलेली माणसं त्या टेबलावर होती. कोणी ते काढलं नाही. आठवड्याची सुट्टी आम्हाला पाळीपाळीने मिळाली. माझा वार मंगळवार.

घरात आता ती माझ्याशी मोजकं पण सरळ बोलते. भाजीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं म्हणते. युनियनच्या कागदांवर मी चुकीच्या ठिकाणी सही केली तर सगळ्यांसमोर दाखवते. पूर्वीची नमून वागणारी जाऊ मला कधीकधी हवीशी वाटते आणि मग माझी मलाच लाज वाटते.

परवा करारातले गमबूट आले, चारही ठिकाणी सारखेच, पांढरे. ते घालून ती अंगणात दोन पावलं चालली. तिला ते बरोबर बसले. माझे एका नंबरने मोठे आहेत, चालताना फटक-फटक आवाज येतो. मी बदलून मागितलेत. सेक्रेटरी म्हणाली, अर्ज लिहून द्या, पुढच्या खेपेला बघू.