एका पेटीत दोघे

माझ्या धाकट्या दिरांइतका हट्टी माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा नसेल. लोक म्हातारपणी पोपट पाळतात, यांनी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाली पाळल्या. परदेशी, पिवळ्या, ठिपक्यांच्या. मी पाल म्हटलं की त्यांना राग येतो. "वहिनी, गेको म्हणा." म्हटलं, नाव बदलून तोंड बदलतंय का? एक थोरला, एक धाकटा, दोघंही नर, आणि काचेची पेटी एकच. दुकानदाराने बजावलं होतं, "काका, दोन नर एकत्र राहत नाहीत. फाडून खातील." भाऊजी म्हणाले, "तुझ्या दुकानात खात असतील. माझ्या घरात वळण लागेल."

वळण लावायची रीत आमच्या सासूबाईंची. पंगतीत आधी सगळ्यांत लहानाला वाढायचं, मोठ्यांनी हात आवरून बसायचं. तेच भाऊजींनी पेटीत सुरू केलं. चिमट्यात झुरळ धरून धाकट्यापुढे न्यायचे, तेवढ्यात थोरला येऊन पळवायचा. "लाज नाही वाटत? पाठचा भाऊ आहे तो तुझा!" हा आरडाओरडा रोज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. पेटीच्या एका कोपऱ्याखाली ऊब देणारी पट्टी होती. तिच्यावर थोरला पसरायचा, धाकटा पलीकडे गारठायचा. भाऊजी काचेवर टिचकी मारून सांगायचे, "सरकून घे रे जरा!" या जातीची चरबी म्हणे शेपटीत साठते. धाकट्याची शेपटी वाळून सुतळी झाली.

मी म्हटलं, "भाऊजी, मरेल तो. वेगळा काढा."

"एकदा वेगळं काढलं की संपलं, वहिनी. माझंच बघा ना."

त्यांचंच बघायचं तर दोन मुलगे. मोठा कळव्याला, लहाना आंबिवलीला. आईच्या तेराव्याला भांडले, ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. बापाने सांगून टाकलं, यायचं तर दोघांनी मिळून या, नाहीतर येऊ नका. मुलांनी बापाचं अर्धंच ऐकलं. आले नाहीत.

गणपतीच्या आदल्या दिवशी पेटीतल्या थोरल्याने धाकट्याची शेपटी तोडली. तुकडा वाळूत वळवळत होता आणि भाऊजी समोर उकिडवे बसून "अरे सोड, सोड त्याला" म्हणत होते. त्याच दिवशी जाऊन दुसरी पेटी आणली, खाली ऊब लावून धाकट्याला तिच्यात ठेवलं. फार उशीर झाला होता. धाकट्याने पाणी चाटलं, झुरळाला तोंड लावलं नाही. मेला. त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरून भाऊजींनी हात धुतले आणि दोन्ही मुलांना फोन लावले. मोठ्याला म्हणाले, "एकत्र नको. तुला जमेल तेव्हा तू ये. पण ये."

मोठा येऊन गेला. चहा घेतला, पेटीकडे बघून नाक मुरडलं, तरी जेवायला थांबला. लहाना फोन उचलत नाही.

परवा मी गेले तेव्हा रिकाम्या पेटीखालची पट्टी चालूच होती. म्हटलं, "भाऊजी, हे कशाला जाळताय?" आणि बटणाकडे हात नेला.

"राहू द्या, वहिनी. आला तर गार नको लागायला."

मी हात मागे घेतला.