तीनचा थेंब

कोणी काहीही सांगो, अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. साक्रीत आमचं मेडिकल आहे. ‘बाहेरचं लागलंय’ म्हणत आलेल्यालाही मी आधी ताप किती ते विचारते.

गेल्या उन्हाळ्यात माझा उजवा डोळा लालभडक झाला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, युव्हायटिस — डोळ्याच्या आत सूज. स्टेरॉइडचे ड्रॉप्स, दर तासाला एक थेंब, मनाने बंद करायचे नाहीत. थेंब टाकायला माझ्या मोठ्या नणंदबाई, अक्का, गावाहून आल्या.

तिसरा दिवस, दुपारचे तीन. मिस्टर दुकानात. उजेड सोसवत नव्हता म्हणून पडदे ओढून, डोळे मिटून मी पडले होते. बाटली हलवल्याचा आवाज आला. कोणीतरी खालची पापणी ओढली. थेंब पडला. मग दुसरा... तिसरा...

“अक्का, एकच टाका ना!”

बोट हललं नाही. नख आत रुतलं. मी किंचाळणार तोच तोंडावर पंजा बसला आणि माझं डोकं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. एकदा... दोनदा... छातीवर गुडघा. जीव खाऊन मी त्या हाताला चावले — दात मांसात गेले, स्पष्ट कळलं. डावा डोळा उघडला तर वर फक्त पंखा फिरत होता. कोणी नाही! आणि वजन तसंच...

सुटले कशी, आठवत नाही. अक्का अंगणातून धावत आल्या, ओंजळीत वाळलेले पापड.

“काय जयं वं?”

“तुम्हीच तर थेंब टाकत होत्या...”

“मी? बाटली तं मना पदरमा बांधेल शे!” त्यांनी गाठ सोडून दाखवली.

मिस्टरांनी आम्हा दोघींना गाडीत घालून धुळं गाठलं. डोक्याला पाच टाके, बुबुळावर ओरखडा. डॉक्टर भडकले, “स्टेरॉइड चालू असताना ही जखम? डोळा गेला असता! नख कोणाचं लागलं?”

अक्कांनी दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापर्यंत कापलेली. चाव्याची खूण नाही. माझ्या हातांवरही नव्हती.

तरी परतताना मिस्टर बोलून गेले, “अक्का, खरं सांग.”

“भाऊ, मी हिना डोया फोडसू का?” एवढंच बोलल्या. सकाळच्या पहिल्या एसटीने निघून गेल्या.

डोळा वाचला, जरा धूसर दिसतं. झोपेत मीच केलं असेल, असं डॉक्टरांचं मत. मीही तसं मानून पाहिलं... पण स्वतःचा गुडघा स्वतःच्या छातीवर?

अक्का अजून माझा फोन उचलत नाहीत. खोलीत कोण होतं, मला आजही माहीत नाही. त्या नव्हत्या, एवढंच माहीत आहे.